जड यंत्रांचीं सिलें आणि त्यांची पारख

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांतील जासई हें गांव महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. लोकनेते दि. बा. पाटील यांचें तें जन्मगांव. नव्या मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींच्या योग्य मोबदल्याकरितां या परिसरांत जो लढा झाला, त्यांत १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखेस पांच जणांनीं प्राण दिले. त्यांची स्मृतिहि या गांवाशीं निगडित आहे. पुढें १९८९ मध्यें शेजारीं न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून खाडी ओलांडून येणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं, उलव्याची टेकडी कापून तयार केलेल्या जागेवरील विमानतळाचें उद्घाटन झालें. जेथें एके काळीं भातशेती व मिठागरें होतीं, तेथें आज कंटेनरांचे ढीग, दगडाच्या खाणी आणि रात्रंदिवस राबणारीं यंत्रें दिसतात.

या यंत्रांपैकीं दोहोंचीं नांवें तर लहान मुलांच्या तोंडींहि बसलीं आहेत : एक जेसीबी आणि दुसरें पोकलेन. वस्तुतः पोकलेन हें एका फ्रेंच कारखान्याचें नांव, आणि जेसीबी हीं जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नांवाचीं आद्याक्षरें. परंतु आपल्याकडे तीं त्या त्या जातीच्या यंत्रांचीं सामान्यनामें होऊन बसलीं आहेत. जमिनी गेल्यावर या भागांतील कित्येक घरांनीं हातीं आलेल्या पैशांतून, किंवा बँकेचें कर्ज काढून, असें एखादें यंत्र घेतलें आणि कंत्राटावर लावलें. पूर्वीं ज्या घराचें पोट भाताच्या खाचरावर चालत असे, त्याचें पोट आतां एका लोखंडी हातावर चालतें. तो हात आखडला, कीं घरांतील मिळकत आखडते. कर्जाचा हप्ता मात्र आखडत नाहीं.

आतां हा लोखंडी हात आखडतो कशानें? बहुतेक वेळां इंजिन शाबूत असतें, पोलाद शाबूत असतें, चालकहि हुषार असतो. बिघडलेली असते ती हाताच्या बोटांत मावेल एवढी एक रबरी कडी. तिलाच कारागीर सील म्हणतात. हें सील यंत्र तयार करणाऱ्या कारखान्याचेंच घ्यावें, कीं बाजारांत मिळणारें दुसऱ्या कोणाचें घेतलें तरी चालेल, हा प्रश्न अशा प्रत्येक घरापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतो. त्याचें उत्तर बहुधा किंमत पाहून दिलें जातें. परंतु स्वस्त आणि महाग हा या प्रश्नाचा शेवटचा भाग आहे. पहिला भाग अगदीं निराळा आहे, आणि तो समजल्यावांचून दिलेलें कोणतेंहि उत्तर हें नशिबावर सोंपविलेलें उत्तर होय.

सील म्हणजे काय, हें समजण्यासाठीं कारखान्यांत जाण्याची गरज नाहीं. सायकलींत हवा भरण्याचा हातपंप बहुतेकांनीं पाहिलेला असतो. त्याच्या दांड्याच्या टोंकाला चामड्याची वाटीसारखी एक चकती असते. दांडा खालीं दाबला, कीं हवेचा दाब त्या वाटीच्या आंत शिरतो, वाटीच्या कडा बाहेर पसरतात आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतात. त्यामुळें हवेला निसटावयास वाट उरत नाहीं. दाब जितका अधिक, तितकी ती वाटी अधिक घट्ट. चामडें सुकून कडक झालें, कीं पंप कितीहि मारला तरी चाक फुगत नाहीं. मग कोणी तरी जाणता मनुष्य त्यांत तेलाचे दोन थेंब सोडतो आणि पंप पुन्हां चालूं लागतो. नळाचा वायसर, कुकरची रिंग, गांवच्या हापशाच्या दट्ट्यावरील वाटी, हीं सारीं याच कुळांतलीं. यंत्राचें सील हें या कुळांतलें थोरलें भावंड.

या वाटीचा इतिहासहि ऐकण्यासारखा आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हें तत्त्व सतराव्या शतकांत पास्कल या फ्रेंच पंडितानें मांडलें. त्यावरून लहान दट्ट्यावर थोडें बळ लावून मोठ्या दट्ट्यानें प्रचंड ओझें उचलतां येईल, हें कागदावर सिद्ध झालें. पण कागदावरचें यंत्र प्रत्यक्षांत यावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. १७९५ मध्यें इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हां त्याची खरी अडचण एकच होती : दट्ट्याच्या कडेनें पाणी गळे. कडेला गच्च बोळा कोंबावा, तर दट्ट्या हलेना. बोळा सैल करावा, तर पाणी थांबेना. ही कोंडी चामड्याच्या वाटीनें फोडली, आणि त्याचें श्रेय ब्रामाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराला दिलें जातें. दाब नसतांना वाटी सैल, दाब येतांच घट्ट. आजच्या पोकलेनच्या नळकांड्यांत जें सील असतें, त्याचा आकार इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असतो, आणि तो त्याच वाटीचा वंशज आहे. पुढें चामड्याची जागा कृत्रिम रबरानें घेतली. गोल कडीच्या आकाराचें जें सील ओ-रिंग म्हणून ओळखलें जातें, त्याचें अमेरिकन पेटंट १९३९ मध्यें नील्स ख्रिस्टेन्सेन या मूळच्या डेन्मार्कच्या गृहस्थास मिळालें. त्या वेळीं त्याचें वय सत्तरीच्या पुढें गेलेलें होतें.

आतां या कडीवर केवढा भार येतो, तें पाहूं. कुकरांतील वाफेचा जादा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारें एक किलोग्रॅम असतो. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब दोन-सव्वादोन असतो. पोकलेनच्या नळकांड्यांतील तेलाचा दाब तीनशेंच्या वर जातो. समजा, एका नळकांड्याचा आंतील व्यास १०० मिलिमीटर आहे आणि दाब २५० आहे. दट्ट्याचें क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर भरतें. म्हणजे दट्ट्यावर जवळजवळ साडेएकोणीस टनांचें बळ येतें. एवढें बळ एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला केवळ हवा. दोहोंच्या मध्यें ती रबराची ओठासारखी पातळ कडा. ती कडा आपलें काम करते म्हणूनच उचललेला दगड वर राहतो.

एका नळकांड्यांत अशीं सिलें अनेक असतात, आणि प्रत्येकाचें काम निराळें. दट्ट्यावर बसणारें सील तेलाला एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत जाऊं देत नाहीं. जेथून चकचकीत दांडा बाहेर येतो, तेथील झांकणाला ग्लँड म्हणतात. त्यांतील रॉड सील तेलाला बाहेर पडूं देत नाहीं. त्याच्याहि पुढें, अगदीं तोंडाशीं, वायपर असतो. तो बाहेरची धूळ व चिखल दांड्यावरून निपटून टाकतो. दांडा व दट्ट्या बरोबर मधोमध चालावे म्हणून गाइड रिंगा असतात. सील दाबाखालीं फटींत घुसूं नये म्हणून त्याच्या पाठीशीं कडक बॅक-अप रिंग असते. न हलणाऱ्या सांध्यांत ओ-रिंगा असतात. हा सर्व संच सील-किट या नांवानें एकत्र विकला जातो. वायपर हें त्यांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित अंग; परंतु जासईसारख्या खाणींच्या गांवीं, जेथें काळ्या पाषाणाची भुकटी वाऱ्यावर उडत असते, तेथें आंतल्या सर्व सिलांचें आयुष्य वायपरच्या हातीं असतें. म्हणून नळकांडें एकदां उघडल्यावर गळणारें एकच सील बदलून बाकीचीं जुनींच ठेवणें ही काटकसर नव्हे.

यंत्राचा हात आपोआप खालीं येऊं लागला, कीं मालक लगबगीनें सील-किट आणावयास माणूस पाठवितो. येथेंच पहिली घाई होते. हात खालीं येण्याचें कारण दट्ट्याचें सील असेल, किंवा तेलाची वाट उघडझांक करणारा व्हॉल्व्ह आंतून झिजला असेल. दोहोंचें लक्षण बाहेरून सारखेंच दिसतें. जाणता कारागीर दांडा पूर्ण टोंकापर्यंत नेतो, यंत्र बंद करून दाब काढतो, परत येणाऱ्या तेलाची नळी सोडवितो, आणि मग सर्वांना दूर उभे करून पुन्हां त्याच दिशेनें दाब देतो. उघड्या तोंडांतून तेल वाहत राहिलें, तर दट्ट्याचें सील गेलें. तोंड कोरडें राहिलें, तर दोष अन्यत्र आहे. ही परीक्षा न करितां आणलेलें उत्तमांतलें उत्तम सीलहि व्यर्थ जातें. दांड्यावर तेलाचा अगदीं पातळ ओलावा दिसणें हा मात्र दोष नव्हे. त्या ओलाव्यावरच सील घसरतें. थेंब जमूं लागले, म्हणजे समजावें कीं वेळ आली.

सील खरोखरच गेलें असें ठरल्यावर दुसरी गोष्ट करावयाची, ती बाजाराकडे धांवण्याची नव्हे, तर जुनें सील हातांत घेऊन उजेडांत पाहण्याची. बहुतेक ठिकाणीं तें कापून, उचकटून कचऱ्यांत फेंकलें जातें. वस्तुतः नव्या सिलाच्या निवडीबाबत सर्वांत विश्वासू साक्षीदार तेंच असतें. वैद्य जसा औषध देण्यापूर्वीं रोग विचारतो, तसें नवें सील घेण्यापूर्वीं जुनें सील कशानें गेलें, हें विचारलें पाहिजे.

त्याची साक्ष वाचणें फारसें कठीण नाहीं. सिलाचा ओठ कडक होऊन त्याला बारीक चिरा पडल्या असतील, तर तेल फार तापत होतें. तेथें तेल थंड करणारी जाळी साफ केल्यावांचून नवें सील घालणें म्हणजे जुन्याच आगींत नवें लांकूड घालणें होय. ओठ शाबूत, पण पाठीची कड उंदरानें कुरतडल्यासारखी दिसली, तर दाबाखालीं रबर फटींत घुसून तुटलें आहे; अर्थात् गाइड रिंगा झिजल्या आहेत, किंवा बॅक-अप रिंग नव्हती, किंवा रबर मऊ जातीचें होतें. सील फुगून लिबलिबीत झालें असेल, तर तें त्या तेलांत चालणारें नव्हतेंच. दांड्याच्या चालीच्या दिशेनें उभे ओरखडे असतील, तर आंत कचरा गेला आहे किंवा दांड्यालाच खड्डे पडले आहेत. एकाच बाजूनें झीज असेल, तर दांडा वाकला आहे किंवा एका अंगाला रेटला जात आहे. ओठ जळून कोळशासारखा काळा पडला असेल, तर तेलांत हवेचे बुडबुडे होते. दाबाखालीं ते एकाएकीं आवळले जातात आणि इतके तापतात कीं जागच्या जागीं जाळ होतो. आणि ओठावर सुरीनें कापल्यासारखा स्वच्छ छेद असेल, तर दोष सिलाचा नाहीं, तेलाचा नाहीं. बसवितांनाच तें कापलें गेलें. या सहा-सात साक्षींपैकीं बहुतेकांत असें आढळेल, कीं केवळ महाग सील आणल्यानें कांहींच सुधारणार नव्हतें.

यानंतर माप. येथें एक चूक सर्रास होते : जुनें सील दुकानदारापुढें टाकून ‘असेंच द्या’ म्हणून सांगितलें जातें. जुनें सील फुगलेलें, झिजलेलें किंवा चेंगरलेलें असतें. त्याचें आजचें माप हें त्याचें जन्माचें माप नसतें. तें साक्षीला चालतें, मापाला चालत नाहीं. माप घ्यावयाचें तें सील ज्या खांचेंत बसतें त्या खांचेचें : दांड्याचा व्यास, खांचेच्या तळाचा व्यास आणि खांचेची रुंदी, हीं तिन्ही, वर्निअरनें, पुसून स्वच्छ केल्यावर, निदान दोन ठिकाणीं. यू आकाराच्या सिलाची उंची खांचेच्या रुंदीपेक्षां किंचित् कमी असावी लागते, नाहीं तर तेलाचा दाब त्याच्या ओठांमागें पोंचतच नाहीं. दुसरा घोटाळा इंच आणि मिलिमीटर यांचा. कांहीं यंत्रांचे भाग इंचाच्या मापाचे असतात. दोन इंचांचा दांडा ५०.८ मिलिमीटरचा भरतो. त्यावर ५० मिलिमीटरचें सील ताणून बसतेंहि, आणि बसलें म्हणून मालक निश्चिंत होतो. परंतु ताणलेला ओठ अधिक घासला जातो, तापतो आणि लवकरच फाटतो. आठ दशांश मिलिमीटरच्या या फरकानें पुरें किट वाया जातें.

मापानंतर पदार्थ. सर्व काळें रबर एकच नव्हे. खनिज तेलावर चालणाऱ्या यंत्रांत नायट्राइल रबर चालतें. साधारण शंभर अंश सेंटिग्रेडपर्यंत तें टिकतें. पॉलियुरेथेन हा पदार्थ झीज सोसण्यांत त्याहून पुष्कळ सरस, म्हणून दांड्याच्या व दट्ट्याच्या सिलांना तो पसंत केला जातो. परंतु उष्णता आणि पाणी हीं दोन्ही एकत्र आलीं, कीं त्याच्या कित्येक जाती कालांतरानें ठिसूळ होऊन चुरा होतात. कोंकणच्या पावसाळ्यांत तेलाच्या टाकींत पाणी शिरलें आणि तें तसेंच राहूं दिलें, तर चांगल्या सिलालाहि दोष लागतो, तो यामुळें. तेल फार तापणाऱ्या ठिकाणीं, उदाहरणार्थ दगड फोडणाऱ्या ब्रेकरांत, दोनशें अंशांपर्यंत टिकणारें व्हिटॉन किंवा त्याहून अधिक उष्णता सोसणारें टेफ्लॉन योजलेलें असूं शकतें. तेथें नायट्राइल घालणें म्हणजे मेणाचें झांकण घालणें होय. उलट, मोटारीच्या नेहमींच्या ब्रेक-तेलांत चालणारें ईपीडीएम नांवाचें रबर खनिज तेलांत फुगून निरुपयोगी होतें. दिसावयास मात्र तेंहि काळेंच असतें. रंगावरून जात ओळखूं नये. निळें, हिरवें, पिवळें हे केवळ कारखानदारांचे रंग आहेत. जाळून वास घेण्याची जी पद्धत कांहीं ठिकाणीं आहे, ती तर सर्वथा त्याज्य होय. कारण व्हिटॉनच्या जातीचें रबर जळलें असतां अत्यंत विषारी व दाहक वायु निघतो, आणि जळक्या अवशेषाला नुसता हात लागला तरी इजा होते.

पदार्थ आणि उष्णता यांचें नातें जगाला एका अत्यंत शोकजनक प्रसंगानें शिकविलें. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें चॅलेंजर हें अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनीं नष्ट झालें आणि त्यांतील सातहि जण मृत्यु पावले. त्या दिवशीं पहाटे गोठविणारी थंडी होती. यानाला जोडलेल्या अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी ओ-रिंग थंडीनें ताठरली, तिला फट बुजविण्यास वेळेवर पसरतां आलें नाहीं, आणि तप्त वायु बाहेर पडला. चौकशीच्या वेळीं रिचर्ड फाइनमन या विख्यात शास्त्रज्ञानें त्याच रबराचा तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला आणि चिमटा सोडल्यावर तो पूर्ववत् होत नाहीं, हें सर्वांसमक्ष दाखविलें. अग्निबाण कोट्यवधि डॉलरांचा असो वा पोकलेन कर्जावर घेतलेलें असो. कडी कोणत्या उष्णतेंत राबणार आहे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच विचारावा लागतो.

आतां कारखान्याचें कीं बाजारचें, या मूळ प्रश्नाकडे वळूं. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, कीं यंत्र तयार करणारे बहुतेक कारखानदार स्वतः सिलें तयार करीत नाहींत. तीं सिलांच्या खास कारखान्यांकडून घेतात आणि आपल्या पाकिटांत घालून विकतात. सिलांचे हे कारखाने जुने व नामांकित आहेत. जर्मनींतील वाइनहाइम गांवचा फ्रॉइडनबर्ग हा १८४९ चा मूळचा चामडें कमावण्याचा धंदा. १९२९ च्या सुमारास तो चामड्याच्या सिलांकडे वळला आणि पुढें रबराच्या. अशा कारखान्याचें सील त्याच्याच नांवानें खुल्या बाजारांतहि मिळतें, आणि तें घेणें यांत कमीपणा कांहींच नाहीं. म्हणून बाजारचें सील म्हणजे हलकें सील, हा समज खरा नव्हे. परंतु त्याच बाजारांत, त्याच नांवाच्या नकली पाकिटांत, कोणत्या रबराचें हें कोणालाच ठाऊक नसलेलें सीलहि मिळतें. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या पेठेंत दोन्ही प्रकारचा माल एका हाताच्या अंतरावर असूं शकतो. तेव्हां प्रश्न कारखाना कीं बाजार हा नसून, ओळख असलेलें कीं बेओळखी, हा आहे.

ओळख पटविण्याच्या कांहीं खुणा आहेत. पाकिटावर करणाऱ्याचें नांव, पदार्थ, माप, तयार झाल्याची तारीख आणि मालाच्या खेपेचा अंक असावा. रबराला वय असतें. नायट्राइलचें सील अंधाऱ्या, थंड, कोरड्या जागीं बंद पाकिटांत सुमारें सात वर्षें चांगलें राहतें, पॉलियुरेथेनचें त्याहून कमी. दुकानाच्या दारांत उन्हांत खिळ्याला टांगलेलीं सिलें कितीहि स्वस्त मिळालीं तरी घेऊं नयेत. ओठाची कड नखानें चांचपून पाहावी; ती सलग व धारदार असावी, तेथें सांच्याचा उंचवटा किंवा खरखर नसावी. सील हलकेंच दुमडून सोडलें असतां लगेच मूळ आकारावर यावें. कडकपणा शोअर नांवाच्या मापानें सांगतात; साधी ओ-रिंग ७० ची, अधिक दाबाची ९० ची; विक्रेत्यास हा अंक विचारावा. ज्याला उत्तर देतां येत नाहीं, त्याच्याकडून निदान अधिक दाबाचें सील घेऊं नये. ज्याला थोडी सवड आहे, त्यानें एक सोपा प्रयोग करावा : एक सुटी ओ-रिंग मापून, आपल्याच यंत्राच्या तेलांत कांहीं दिवस बुडवून ठेवावी आणि पुन्हां मापावी. ती लक्षांत येण्याजोगी फुगली किंवा आकसली, तर त्या रबराचें आणि त्या तेलाचें पटत नाहीं.

मग मूळ कारखान्याच्याच सिलाचा आग्रह केव्हां धरावा? यंत्राची हमी चालू असतांना; ब्रेकरसारख्या खास बनावटीच्या भागांत, जेथें खांचा नेहमींच्या मापाच्या नसतात; आणि जेथें माणसांच्या डोक्यावर ओझें उचललें जातें तेथें. हमी संपलेल्या यंत्राच्या साध्या नळकांड्यांत, खांचेचें माप प्रमाणाबरहुकूम असेल आणि करणारा नांवाजलेला असेल, तर बाजारचें सील खुशाल घ्यावें. किंमतीचा हिशेब करतांना केवळ पाकिटाची किंमत धरूं नये. नळकांडें पुन्हां उघडण्याची मजुरी, वाया गेलेलें तेल आणि यंत्र बसून राहिलेले दिवस, हे त्यांत मिळविले म्हणजे स्वस्त सिलाची खरी किंमत कळते.

येथें दांड्याकडेहि लक्ष वेधणें अवश्य आहे. दांड्यावर क्रोमचा पातळ, आरशासारखा मुलामा असतो, आणि सिलाचा ओठ आयुष्यभर त्याच्यावरच घासतो. उरणच्या खाऱ्या हवेंत त्या मुलाम्याला सुईच्या अग्राएवढे खड्डे पडूं लागतात. नखाला लागणारा प्रत्येक खड्डा ही सिलापुढें धरलेली कानस होय. अशा दांड्यावर कितीहि भारी सील चढविलें तरी तें टिकणार नाहीं. दांडा पुन्हां मुलामा देऊन घासून घेणें हाच त्यावर उपाय. आणि आधीं सांभाळावयाचें तर पावसाळ्यांत यंत्र उभें करतांना दांडे होतील तितके आंत घेऊन ठेवावे, आणि जेवढा भाग बाहेर राहील, त्यावर ग्रीसचा हात फिरवावा. याला खर्च जवळजवळ कांहींच नाहीं.

चांगलें सील आणून तें वाईट रीतीनें बसविलें, तर सारें मुसळ केरांत. यू आकाराच्या सिलाचें उघडें तोंड तेलाच्या दाबाकडे असलें पाहिजे आणि वायपरचा ओठ बाहेर, धुळीकडे. खांच नितळ पुसून, सिलाला त्याच यंत्राचें स्वच्छ तेल लावून, पॉलियुरेथेनचें असेल तर कोमट तेलांत मऊ करून, बोटांनीं बसवावें. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोंकानें रेटूं नये. दांड्याच्या आट्यांवरून सील न्यावयाचें असेल, तर आटे आधीं पट्टीनें गुंडाळावे. काम धुळीच्या उघड्या माळावर करूं नये. निदान आडोसा धरावा.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना माणसाच्या जिवासंबंधीं. नळकांडें उघडण्यापूर्वीं यंत्राचा हात पूर्णपणें जमिनीला टेंकविला पाहिजे, इंजिन बंद करून दांडके हलवून नळ्यांतील दाब काढून टाकला पाहिजे. उचललेल्या बकेटखालीं, ती नुसत्या तेलावर तोललेली असतांना, कोणीहि क्षणभरसुद्धां शिरूं नये. गळती कोठें आहे तें हातानें कधींहि चांचपूं नये. पुठ्ठ्याचा किंवा लांकडाचा तुकडा धरून पाहावें. तीनशेंच्या दाबाखालीं टांचणीच्या छिद्रांतून निघणारी तेलाची धार कातडी भेदून शरीरांत शिरते. बाहेरून केवळ कांटा रुतल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतहि फारसें नाहीं. म्हणून मनुष्य दुर्लक्ष करतो, आणि आंतून मांस सडूं लागून हात गमावण्याची पाळी येते. असा ठिपका दिसतांच, वेदना असो वा नसो, त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत गेलें पाहिजे, आणि तेल शिरलें आहे हें डॉक्टरांना स्पष्ट सांगितलें पाहिजे.

गळलेलें तेलहि जातें कोठें, याचा विचार यंत्राच्या मालकानें करावा. जासईच्या भोंवतालचें पाणी अखेर खाडीला मिळतें. तेथें अजून तिवरें आहेत, मासळी आहे, आणि त्या मासळीवर पोट भरणारीं आगरी-कोळी घरें आहेत. एका यंत्राखालीं रोज सांचणारें तेलाचें लहानसें थारोळें पहिल्या पावसाबरोबर त्यांच्याच दारांत पोंचतें.

तात्पर्य, सिलाची निवड ही दुकानांत नव्हे, तर यंत्रापाशीं सुरू होते. दोष सिलाचाच आहे ना, हें प्रथम ताडून पाहावें, जुन्या सिलाला तें कशानें गेलें हें विचारावें, माप खांचेचें घ्यावें, पदार्थ तेल व उष्णता पाहून ठरवावा, दांडा निरखावा, आणि मग, सर्वांत शेवटीं, किंमत विचारावी. ज्या घरानें आपली जमीन देऊन यंत्र घेतलें, त्या घराला एवढी चौकशी करण्यास एखादा दिवस मोडावा लागला, तरी तो दिवस वाया गेला असें कोणी म्हणणार नाहीं. पूर्वीं याच घरांतील वडीलधारीं माणसें पेरणीपूर्वीं भाताचें बीं तळहातावर घेऊन, पाण्यांत टाकून, पोचट दाणा वेगळा काढीत असत. तीच पारखी नजर आतां या रबराच्या कडीकडे वळली पाहिजे.